धुराड्यावरचा डबा

बंद पडलेल्या कुठल्याही यंत्राला दममिस्त्री पहिला हात लावायचे तो उलटा. मूल तापलंय का हे बघताना बायका हाताची मागची बाजू लावतात ना, तसा. मोटार असो, पिठाची गिरणी असो, विहिरीवरचं ऑइल इंजिन असो, आधी हा उलटा हात, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग तो एकच शब्द, ज्यावरून अख्ख्या परंडा तालुक्यानं त्यांना नाव ठेवलं होतं : "दम."

दम धरा, इतकंच त्यांना म्हणायचं असे. पण ‘धरा’ म्हणण्याचेही कष्ट ते घेत नसत. त्यांचं खरं नाव त्यांच्या मोहल्ल्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मला तर हा शब्दच आयुष्यात कधी मानवला नाही. दम धरला असता तर मी आजही दुसऱ्याच्या बैलाचं दावं धरून उभा असतो.

मी जनावरांच्या बाजारातला दलाल. भूमच्या बाजारात दावं धरण्यापासूनच सुरुवात केली, आणि पुढं अशी वेळ आली की मी मध्ये पडल्याशिवाय चांगल्या खोंडाचा सौदा होत नसे. आमचा सौदा उपरण्याखाली चालतो. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वर कापड टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं एक शब्द नाही. भोवती कितीही गर्दी असली तरी कापडाखाली काय ठरलं ते ज्यांचे हात आत आहेत त्यांनाच कळतं. बाहेरच्यानं नुसती तोंडं बघत उभं राहायचं. मी तसा बाहेर कधी राहिलो नाही, याचा मला गर्व होता. माझा हात कायम कापडाखाली असे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास माझ्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला. आमच्या भागातल्या एका जुन्या जहागीरदारानं तो मोठ्या हौसेनं आणवला होता. जहागीर गेली, हौस गेली, ट्रॅक्टर राहिला. डिझेलवर चालणारा, चार सिलिंडरचा, निळा रंग उडालेला, आणि बॉनेटमधून सरळ आभाळाकडं गेलेलं लांब धुराडं. मी तो बैलासारखाच घेतला. पुढून बघितला, मागून बघितला, चालवून बघितला आणि मालकाला त्याच्या खोडी सांगून सांगून जेरीस आणलं. एकट्याला पेलणारं काम नव्हतं, म्हणून माझा चुलत भाऊ सोपान याला निम्म्यानं भागीदार घेतलं. ट्रॅक्टर चालवायलाही तोच शिकला. सोपान माझ्याहून लहान आणि घुमा. त्याची आई तो रांगत असतानाच गेली, म्हणून तो माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. आमची घरं भिंतीला भिंत लावून होती, मध्ये एक दार होतं, ते कधी लावलेलं मला आठवत नाही.

पहिला उन्हाळा झकास गेला. हरळीनं गिळलेली रानं, जी बैलांच्या नांगराला दाद देत नव्हती, ती आम्ही उलटीपालटी केली. पुढच्या उन्हाळ्यासाठी लोक आधीच येऊन माझा शब्द घेऊन गेले. खंडेनवमीला आईनं ट्रॅक्टरची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. मग ज्वारीच्या पेरण्या लागल्या आणि ट्रॅक्टरला काम उरलं नाही. तो गोठ्याला लागून असलेल्या छपराखाली, गव्हाणीशेजारी उभा राहिला आणि मी बाजार करत गावोगाव हिंडत राहिलो. खळी उरकल्यावर त्याला बाहेर काढायला गेलो तर हँडल फिरेना. सोपान लटकला, मी लटकलो, दोघं मिळून लटकलो. इंजिन आतून जाम झालं होतं.

सोपाननं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "आण्णा, लोखंड झालं ह्येचं. बार्शीचा भंगारवाला येतो म्हनतोय. इकून टाकू, न्हायतर दोघं बी बुडू."

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते गल्लीनं ऐकलं. शेवटी आईनं मध्ये पडून ठरवलं : आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, चालू झाला तर ठेवायचा, नाहीतर भंगारात. मी कबूल झालो, कारण दुसरा मार्ग नव्हता. पण भंगारात म्हणजे काय, ते मलाच ठाऊक होतं. गावोगाव शब्द देऊन बसलेला दलाल शब्दाला चुकला, की पुन्हा कुणी त्याच्या हातावर उपरणं टाकत नाही. मी जिथून निघालो होतो तिथंच, दावं धरायला, परत जाणार होतो.

मी परंड्याला गेलो. किल्ल्याच्या खंदकापलीकडं एका लिंबाखाली दममिस्त्रींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक बाकडं आणि तेलानं काळी झालेली जमीन. निजामाच्या अमदानीत ते हैदराबादला सरकारी मोटारींच्या कारखान्यात होते. पोलिस ॲक्शन झाल्यावर गावी परतले. त्या वर्षाबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. उंच, वाकलेले, खुरटी पांढरी दाढी, अंगात कायम एक काळं जाकीट. चहा बशीत ओतायचे आणि तो पूर्ण निवेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचे. मी घाईनं सगळी हकीकत सांगितली. त्यांनी बशी संपवली, मग पेटी उचलली.

आमच्या छपराखाली आले, बॉनेटवर उलटा हात ठेवला, आणि बराच वेळ झाल्यावर म्हणाले, "दम."

"किती दिवस लागतील, मिस्त्री?"

"त्ये इंजिन सांगंल."

"मला आखितीच्या आत पायजे."

"मग तुमी इंजिनला सांगा."

मी सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांच्या हातावर टाकलं आणि खालून दोन बोटं दाबली. दोन दिवस. त्यांनी हात मागं घेतला नाही. दुसऱ्या हातानं कापडाखाली काहीतरी सारलं आणि माझ्या पंजात एक गार, जड वस्तू आली. पाना होता.

"घ्या," ते म्हणाले, "दोन दिवसात तुमीच करा."

सोपान तोंड फिरवून हसला. मी पाना परत दिला. आयुष्यात उपरण्याखाली माझा असा पराभव कुणी केला नव्हता.

मिस्त्रींची रीत बघून कुणालाही राग आला असता. त्यांनी इंजिनचे इंजेक्टर काढले, त्या भोकांतून रॉकेल आणि एरंडीचं तेल एकत्र करून ओतलं, आणि बाकड्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं, पुन्हा बसले. मधूनच उठून मागचं चाक दोन्ही हातांनी धरून जरा पुढं, जरा मागं हलवून बघायचे, एखाद्याला झोपेतून हळूच उठवावं तसं, आणि परत बाकड्यावर. मी बाजारातून येऊन विचारायचो, "आज काय केलं?" ते म्हणायचे, "तेल मुरतंय."

"आन् मी?"

"तुमी बी मुरा."

आखिती जवळ यायला लागली. शब्द घेऊन गेलेले शेतकरी छपराशी येऊन, काही न बोलता ट्रॅक्टरकडं बघून जायला लागले. ते न बोलणं मला शिव्यांपेक्षा लागत होतं. एका शुक्रवारी मिस्त्री जुम्म्याच्या नमाजासाठी परंड्याला गेले आणि मी ठरवलं, पुरे झाला हा दम. गावातल्या बैलजोड्या गोळा केल्या, साखळ्या लावल्या. ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून ओढला की इंजिन फिरायलाच पाहिजे, असा माझा हिशेब. सोपानला वर बसवलं.

तो वरून ओरडला, "आण्णा, गिअरची दांडीच न्हाय! नुसतं भोक हाय, चिंधी कोंबलीय त्यात!"

राग डोक्यात गेल्यावर मला ऐकू येत नाही. मी म्हणालो, "ओढा!"

बैलांनी ओढलं. गिअर नसलेला ट्रॅक्टर कुठल्याही गाडीसारखा खुशाल चालायला लागला. आवारभर फिरला, पाणी शेंदणाऱ्या बायकांना बाजूला करत उताराला लागला आणि उकिरड्यात जाऊन बसला. इंजिन तसूभरही हललं नाही. अख्खं गाव हसलं. सोपान वर बसून स्टिअरिंगला डोकं टेकून हसत होता. त्याचं ते हसणं मी विसरलो नाही.

दिवस कलताना मिस्त्री आले. त्यांनी उकिरड्यातला ट्रॅक्टर बघितला, माझं तोंड बघितलं आणि पेटी उघडून रुमालात गुंडाळलेली गिअरची दांडी बाहेर काढली.

"नमाजला घेऊन गेलतो," ते म्हणाले.

"माझ्यावर भरवसा न्हाय तुमचा?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या रागावर न्हाय." मग जरा वेळानं, चिंधी काढता काढता, "गिअर टाकून वढला असता तर आतला दांडा वाकला असता मालक. मग दम बी न्हाय आन् इंजिन बी न्हाय."

ट्रॅक्टर परत छपराखाली ओढून आणला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंजिनचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते खोलायला घेतलं. हेड निघालं तेव्हा मी तिथंच होतो. तीन सिलिंडर बरे होते. एकातला पिस्टन मात्र गंजानं भिंतीला धरून बसला होता, लाल चिखल वाळावा तसा थर आला होता. मिस्त्रींनी धूर बाहेर जातो त्या वाटेत एक तार घातली, हळूच काहीतरी खरवडून काढलं, तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, हुंगलं, आणि जाकिटाच्या खिशात टाकलं.

"काय हाय ते?"

"कचरा."

"बघू."

"कचरा काय बघायचा, मालक."

त्या दुपारी त्यांनी माझ्या आईकडं पाणी मागितलं. एरवी रांजणातलं स्वतःच घ्यायचे. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उकिडवे बसून ते बराच वेळ आईशी बोलत होते. आत चुलीपुढं माझी बायको होती. आईला ते आक्का म्हणायचे. आईनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, मिस्त्री आपल्या घरचं काही दुःख सांगत असतील. त्या दिवशी आई जेवली नाही, उपास आहे म्हणाली. मी गडबडीत होतो, वार कुठला ते बघितलं नाही. पुढं विहिरीकडं गेलो तर तिथं मिस्त्री सोपानच्या खांद्यावर हात ठेवून उभे. मला बघून दोघंही गप्प झाले. बाजारात माणसं अशी गप्प होतात तेव्हा सौदा आपल्या पाठीमागं झालेला असतो, हे मला कळायला हवं होतं. मला कळलं, पण वेगळंच.

"मिस्त्री, इंजिन जाम कशानं झालं?"

"पानी गेलं आत."

"कुठनं?"

"वरनं."

"ट्रॅक्टर छपराखाली. त्यात दसऱ्यानंतर पाऊस कुठला?"

"पावसाचं म्हनलं का मी?"

एवढं बोलून ते थांबले. जास्त बोलून गेलो, असं त्यांना वाटलं असावं. पण माझ्या डोक्यात ठिणगी पडलीच. पाऊस नाही, म्हणजे कुणीतरी ओतलं. कुणी? भंगारात घालायची घाई कुणाला होती? मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. मिस्त्री रॉकेलनं हात धूत होते. शेवटी म्हणाले, "गरम असताना काही खोलू नये, मालक. तोंडावर येतंय. गार झाल्यावर सांगतो."

"इंजिन तर गारच हाय!"

"इंजिनचं कोन बोलतंय."

आखितीच्या दिवशी बार्शीचा भंगारवाला गाडी घेऊन हजर झाला. बरोबर हातोडे, पहारी आणि दोन धट्टेकट्टे गडी. तो आमच्या आवारातल्या लिंबाखाली पान लावत बसला आणि ट्रॅक्टरकडं असा बघायला लागला, जसा मी बाजारात म्हाताऱ्या बैलाकडं बघतो. मिस्त्री सकाळपासून पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकत होते. एका लयीत, न थांबता. मग त्यांनी इंजिनच्या पुढच्या पुलीवर खडूची एक रेघ ओढली, गिअर टाकला आणि भंगारवाल्याच्या गड्यांना हाक मारली.

"बसून काय करता? मागच्या चाकाला लागा."

भंगारवाला म्हणाला, "आवं, आमी त्ये न्यायला आलोय!"

"न्यायच्या आधी हात तर लावा."

एका चाकाला ते दोघं, दुसऱ्याला मी आणि सोपान. मिस्त्री रेघेवर डोळा लावून बसले. "म्होरं. दम. मागं. दम." त्यांचा हा शब्द त्या दिवशी मी निमूटपणे पाळला. माझा खांदा सोपानच्या खांद्याला घासत होता. घाम डोळ्यात जात होता. म्होरं, दम. मागं, दम. आणि कधीतरी आतून ‘कच्च’ असा एक बारीक आवाज आला, वाळलेली काटकी पायाखाली यावी तसा. खडूची रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी सरकली. मग दोन दाणे. मग चाकाला अर्धा वेढा बसला आणि पुली आमच्याबरोबर गोल फिरली.

मिस्त्री उठले, बॉनेटशी गेले आणि मी पहिल्यांदाच बघितलं, त्यांनी हात सुलटा केला. तळवा लोखंडावर टेकवला आणि डोळे मिटले.

भंगारवाला पिंक टाकून म्हणाला, "माज्याच गड्यांनी माजं वाटोळं केलं बगा!" सगळे हसले.

मी हसलो नाही. ट्रॅक्टर सुटला होता, माझा शब्द राहिला होता, आणि आता मला हिशेब पाहिजे होता. मी तिथंच, सगळ्यांसमोर सोपानला धरलं.

"आता बोल. पानी कुनी वतलं?"

सोपानच्या हातावर मळायला घेतलेली तंबाखू तशीच राहिली.

"तुलाच भंगारात घालायचा हुता. तूच वतलंस."

मिस्त्री वळले. "मालक, यांनी न्हाय वतलं."

"मग कुनी? नाव सांगा!"

मिस्त्रींनी नाव सांगितलं नाही. सोपाननं त्यांच्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. दारात आई उभी होती. त्यानं हातावरची तंबाखू झाडून टाकली, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "व्हय आण्णा. म्याच समज."

आणि तो आपल्या घरात निघून गेला. दोन घरांमधलं दार त्या संध्याकाळी लावलं गेलं.

पंचांसमोर वाटणी झाली. ट्रॅक्टर मला, विहिरीकाठचं रान त्याला. मी ड्रायव्हर ठेवून माझा शब्द पाळला, त्या उन्हाळ्यात गावाची हरळी मोडली. पुढं वर्षानुवर्षं ट्रॅक्टर तालुकाभर फिरला. फक्त सोपानच्या बांधाशी आला की वळायचा.

इंजिन जुळवून झाल्यावर मिस्त्रींनी एक काम न सांगता केलं होतं. वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घेऊन त्यांनी तो धुराड्याच्या तोंडावर उपडा घातला आणि तारेनं असा बांधला की काढता यावा, पण हरवू नये. "चालू करताना काढायचा. बंद केला की पहिल्यांदा ह्यो घालायचा."

मी म्हणालो, "आमच्याकडं पाऊस पडतो कुठं?"

"पडला तर?"

डब्याची ती ताकीद त्यांनी मला एकदा दिली आणि माझ्या आईला अनेकदा. आईनंही ते एखाद्या व्रतासारखं पाळलं. ट्रॅक्टर आवारात येऊन बंद झाला की ती हातातलं काम टाकून बघायला यायची, डबा घातला का. मिस्त्रींनी पुढं ज्या ज्या ट्रॅक्टरला हात लावला त्या प्रत्येकाच्या डोक्यावर असा डबा चढला. परंड्यापासून भूमपर्यंत कुठंही नांगरट बघा, बांधावर एक डबा उपडा ठेवलेला असायचा. लोकांना वाटे, मिस्त्रींना पावसाची भीती आहे.

दर उन्हाळ्यात ते आमच्याकडं यायचे. इंजिनला उलटा हात लावायचे, तेल बघायचे, चहा निववायचे आणि निघताना म्हणायचे, "सोपानरावांचं रान राह्यलं, मालक."

"राहू द्या."

"बरं. दम."

मी चिडायचो. दर वर्षी चिडायचो. एकदा तर म्हणालो, "तुमी नाव सांगितलं असतं तर हे झालंच नसतं. अर्धं खरं सांगून तुमी माजं घर मोडलं." ते गप्प राहिले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला जितका राग होता, तितका सोपानचाही नव्हता. सोपाननं निदान कबूल तरी केलं होतं. मिस्त्रींना सगळं माहीत होतं आणि त्यांनी ते खिशात ठेवलं होतं.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. पाने चाचपडत शोधायला लागले. हैदराबादच्या लेकीनं बोलावून घेतलं. कुर्डुवाडीची एसटी धरायला ते निघाले तेव्हा मी परंड्याच्या स्टँडवर गेलो होतो. पेटी एका पुतण्याला देऊन टाकली होती, अंगात तेच जाकीट. गाडी सुटायच्या बेतात असताना मी खिडकीपाशी उभा राहून म्हणालो, "मिस्त्री, आता तरी सांगा. तुमी परत येनार न्हाय. त्या दिवशी खिशात काय टाकलं?"

त्यांनी माझा आवाज आला त्या बाजूला मान केली. खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. उलटा. बराच वेळ ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली.

"अजून गरम हाय, मालक," ते म्हणाले.

हात त्यांनी सुलटा केला नाही. गाडी गेली.

दोनेक वर्षांनी पुतण्याकडून कळलं की मिस्त्री हैदराबादला वारले. पुढं माझी आईही गेली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या पूजेचं ताट पहिल्यांदाच माझ्या हातात आलं. बायको शेजारी उभी. मी पाण्याचा तांब्या उचलला तशी ती म्हणाली, "आदी डबा बगा घातलाय का. मग पानी."

"पूजेला डबा कशाला? पाऊस हाय का?"

"पावसाचं काय त्यात? आत्याबाई त्या धुराड्यात तांब्या वतायच्या न्हवं का. त्या पहिल्या खंडेनवमीला वतला, आन् मग ट्रॅक्टर उभाच ऱ्हायला म्हनून दर सोमवारी. पिंडीवर घालत्यात तसा, बेल आन् अक्षता घालून. गव्हाणीवर उभं राहून वतायच्या. ह्येला लवकर काम लागू दे म्हनायच्या. तुमी बाजारात असायचा. मिस्त्रींना आत तांदूळ घावलं, तवापासनं ह्यो डबा."

घरातलं मीठ संपलंय, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. माळ सारखी करत होती.

मी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"मला सुरवातीपासनं म्हाईत. आत्याबाईंना मिस्त्रींनी दारात सांगितलं, तवा मी चुलीम्होरं हुते. भावजींना बी त्यांनी त्याच दिवशी इहिरीवर सांगितलं. भावजी म्हनले, चुलतीचं नाव काढू नका. आण्णाला कळलं तर तिला ह्या घरात मान वर करता यायची न्हाय."

"आन् मला?"

तिनं निरांजनाची वात पुढं सारली. "तुमाला कोन सांगनार?"

म्हणजे सगळ्यांचे हात कापडाखाली होते. आईचा, बायकोचा, सोपानचा, आणि मधोमध मिस्त्रींचा. आणि जन्मभर उपरण्याखाली बोटं दाबत आलेला मी इतकी वर्षं बाहेर उभा राहून नुसती तोंडं बघत होतो. मी ओरडलो असतो, हे खरं आहे. ताट भिरकावलं असतं, हेही खरं. पण ट्रॅक्टर माझा, आई माझी, भाऊ माझा. त्यांनी मला सांगायला पाहिजे होतं. तो तांदळाचा दाणा माझ्या तळहातावर ठेवायला पाहिजे होता, आणि मग माझं काय व्हायचं ते होऊ द्यायचं होतं. हे माझं मिस्त्रींशी भांडण आहे. ते मी सोडलेलं नाही, आणि भांडायला आता ते नाहीत.

त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर सोपानच्या बांधाशी वळला नाही, सरळ आत गेला. सोपान औतावरून उतरून बघत राहिला. मी काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. दुपारी बांधावर बसून आम्ही चहा घेतला. तो दोघांनीही बशीत निवू दिला. दोघांच्याही केसात पांढरं शिरलं होतं.

आता त्या ट्रॅक्टरला कुणी कामाला नेत नाही. नवे आले, हलके आले. तो छपराखाली गव्हाणीशेजारी उभा असतो, डोक्यावर गंजलेला डबा घालून. दिवस उतरताना मी तिथं बाज टाकून बसतो. जाता येता बॉनेटला हात लावतो, माझ्याही नकळत उलटा लागतो.

गार आहे, मिस्त्री. आता खोला.